फोनवरचा मुराळी

मला फोन चांगला वापरता येतो, हेच माझं दुखणं आहे. येत नसता तर तो वाजत नाही याचा दोष त्याच्यावरच टाकता आला असता. माझ्या बरोबरीच्या बायका खुशाल म्हणतात, "अगं, कुठलं बटण दाबलं गेलं कोण जाणे, मुलाचा फोनच लागत नाही." मला तेवढीही सोय नाही. माझा फोन चार्ज केलेला असतो, आवाज पूर्ण असतो, रेंजच्या चारही काड्या असतात आणि तरी तो गप्प असतो.

मी दोंडाईच्यात एकटी राहते. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवण्यात आयुष्य गेलं. निवृत्त झाले आणि वर्षाच्या आत हे गेले. मुलगा कॅनडात. मागच्या खेपेला आला तेव्हा त्याने मला नवा फोन दिला, त्यात लुडोचा खेळ टाकला आणि म्हणाला, "आई, तू इथून, मी तिथून. तू फक्त कोड पाठव, मी लगेच येतो."

तो गेला. मी काही कोड पाठवला नाही. म्हटलं, आईने का पाठवायचा? आठवण आली तर तो पाठवेल. त्यानेही पाठवला नाही. रविवारी फोन येतो. जेवलीस का, गोळ्या घेतेस ना, बरं, ठेवतो. एवढ्या वेळात समोरचा चहासुद्धा निवत नाही.

म्हणून जळगावच्या एका संस्थेची माणसं शिंदखेड्याकडच्या एका गावात बायकांना मोबाइल शिकवायला कोणीतरी शोधताहेत असं कळलं, तेव्हा मी लगेच हो म्हटलं. समाजसेवा वगैरे काही डोक्यात नव्हती. आठवड्यातल्या दोन दुपारी घराबाहेर जातील, एवढाच माझा हिशेब होता. खोटं कशाला बोलू?

संस्थेचं म्हणणं वेगळंच होतं. शिकवायचं नाही, टॅबवर खेळ लावून द्यायचे; खेळता खेळता हात सैल होतो, भीती जाते, मग पुढचं आपोआप येतं. मी नाक मुरडलं. जन्मभर मुलांना खेळातून उठवून वर्गात बसवलेली बाई मी. मी आपला फळा घेतला, खडू घेतला आणि समाजमंदिरात ओटीपी म्हणजे काय यावर तास घेतला. पहिल्या दिवशी सतरंजी भरली होती. दुसऱ्या वेळी निम्मी. तिसऱ्या वेळी मी एकटीच भिंतीवरच्या पंख्याकडे बघत बसले होते. घरी बसते तशीच, फक्त जीपचं भाडं देऊन.

तेव्हा मुकाट्याने लुडो लावला.

सुरुवातीला बोट लावायलाही बायका घाबरायच्या. "फुटी जाई ते?" "पैसा कटतीन का?" फासा टाकायचा म्हणजे नुसतं त्याला शिवायचं, हे पटायलाच एक दुपार गेली. पण पट ओळखीचा निघाला. लहानपणी ओट्यावर कोळशाने चौकोन आखून चिंचोक्यांनी खेळलेल्या होत्या सगळ्या. वरच्या गल्लीतल्या बायका आणि बौद्धवाड्यातल्या बायका आधी सतरंजीच्या दोन टोकांना बसायच्या. टॅब एकच, त्याला चार बाजू, आणि लाल सोंगटी प्रत्येकीला हवी. पंधरा दिवसांत लाल सोंगटीवरून दोन गल्ल्यांमध्ये असं कडाक्याचं भांडण लागलं की मला बरं वाटलं. भांडायलासुद्धा माणसाला जवळ येऊन बसावं लागतं.

हळूहळू एकीने गॅसचा नंबर स्वतः लावला. एकीने पेन्शन जमा झाल्याचा मेसेज नातवाला न विचारता वाचला. मी त्यांना तोडून बोलायचे, त्या माझी नक्कल करायच्या. माझं माहेर फैजपूरचं, केळीच्या पट्ट्यातलं. माझ्या तोंडी अजून तिकडचा हेल येतो, त्यावरून हसून घ्यायच्या. संध्याकाळी जीपमध्ये बसले की कान एकदम रिकामे व्हायचे.

या सगळ्यांत हुशार एक अक्का. वयाने माझ्याहून थोड्या मोठ्या, आवाज खणखणीत, आणि टॅबवर बोट असं चालायचं की बाकीच्या बायका मला सोडून त्यांनाच विचारायच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी मला सांगितलं होतं, "बाई, माले बाकी काही नको. मन्ही आंडेर सुरतले शे. माले तिन्हासंगे खेळनं शे." त्यांच्या लेकीचा नवरा सुरतेला कापडाच्या लूमवर, ती घरी बसून साड्यांना खडे चिकटवते. माल वेळेत द्यावा लागतो, त्यामुळे सुटी नाही. कितीतरी वर्षं ती आखाजीला आलेली नव्हती.

आखाजी म्हणजे आमची अक्षय्य तृतीया. बाकीच्या महाराष्ट्राला त्या दिवशी सोनं आठवतं, आम्हाला लेकी आठवतात. झाडाला झोके बांधतात, सासुरवाशिणी माहेरी येतात. पण लेक आपल्या पायाने येत नाही. भाऊ तिला आणायला तिच्या सासरी जातो. त्याला मुराळी म्हणतात. मुराळी आला नाही तर लेक उंबऱ्यात वाट बघत बसते, पण बोलावल्याशिवाय निघत नाही.

फोनवरच्या खेळातही तसंच असतं. दुसरीच्या पटावर आपण होऊन जाता येत नाही. तिने आधी आपल्याला नंबर धाडायचा, तो टाकला की दार उघडतं. हे मी समजावून सांगत होते तर एक बाई म्हणाली, "हाऊ ते मुराळीच शे!" तेव्हापासून आमच्याकडे कोड हा शब्दच गेला. मुराळी धाडला का? मुराळी पोचला का?

गावातल्या बायकांचे मुराळी नाशिकला गेले, पुण्याला गेले. अक्कांनी ज्याला त्याला धाडून दिले. स्वतःच्या लेकीला मात्र नाही. विचारलं की म्हणायच्या, "धाडसू ना." आखाजी तोंडावर आली तसा माझा पारा चढला. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "अक्का, लोकां सांगे ब्रह्मज्ञान! गावाच्या लेकींना बोलावणी गेली आणि तुमची तिकडे बसली आहे वाट बघत. धाडता येत नसेल तर तसं सांगा, मी पुन्हा शिकवते."

अक्कांनी फोन खाली ठेवला. "येस ना माले. पन मुराळी भाऊ जास, बाई. माय जास का कोठे?"

मग उलगडलं. त्यांचा मुलगा पुण्याला कंपनीत आहे. महिन्यापूर्वीच अक्कांनी त्याला फोन करून सांगितलं होतं, बहिणीला तेवढा नंबर धाड. तो म्हणाला, हो, करतो. तेव्हापासून त्या थांबल्या होत्या. बाकीच्या बायकांनी कोड या गोष्टीला गमतीने मुराळी म्हटलं होतं. अक्कांनी ते मनावर घेतलं होतं. आईनेच बोलावणं धाडलं तर लेक सासरी काय सांगेल, भावाला माझी आठवण नाही?

मला हसू आलं, पण ते ओठांपर्यंत पोचायच्या आत विरलं. माझा भाऊ दर आखाजीला फैजपूरहून यायचा. खांद्यावर केळीचा घड, शर्टावर त्याचे चिकाचे डाग. आल्या आल्या म्हणायचा, चल, पिशवी भर. तो गेल्याला आता बरीच वर्षं झाली. वहिनी फोन करते, ये म्हणते, मनापासून म्हणते. पण कोणी आणायला येत नाही. मला माहेर आहे, मुराळी नाही.

आणि मी कोणत्या तोंडाने अक्कांवर रागावत होते? माझ्या फोनमध्येही एक न धाडलेला कोड पडून होताच. अक्का मुलाच्या भरवशावर थांबलेल्या, मीही मुलाच्याच. त्यांच्याकडे निदान रीत तरी होती. माझ्याकडे नुसता ताठा.

मी म्हटलं, "आणा तो फोन. मी जाते मुराळी."

"बाईमानूस मुराळी?" अक्का म्हणाल्या.

ज्या बाईने पहिल्यांदा मुराळी हा शब्द काढला होता, तीच बोलली. "भाऊ नही ते भाऊबंद जास, भाऊबंद नही ते शेजारी जास. बाई काय परक्या शेतस का?"

सगळ्या बायका हो म्हणाल्या आणि आखाजीची दुपार ठरली.

आखाजीच्या सकाळी मी ह्यांच्या नावाने घागर भरली, वर खरबूज ठेवलं, नैवेद्य दाखवला. एका माणसाच्या सांजोऱ्या करायला हात वळत नाही. दोनच केल्या, त्यातली एक खाल्ली. जीपमध्ये माहेरी निघालेल्या मुली दाटीवाटीने बसल्या होत्या, मांडीवर पोरं, पायाशी पिशव्या. एकीने विचारलं, "मावशी, तुम्ही बी माहेर जाई राह्यनात का?" मी म्हटलं, "नाही गं. आणायला जातेय."

समाजमंदिरात अक्का नवं लुगडं नेसून बसल्या होत्या. मी त्यांच्या फोनवरून सुरतेला नंबर धाडला. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग पटाच्या त्या कोपऱ्यात लेकीचा इवलासा फोटो उमटला आणि आवाज आला, "माय!" मागे कुठेतरी लूमची खडखड चालू होती. अक्कांनी पदर डोक्यावर घेतला, जणू लेक दारातच उभी होती.

डाव रंगला. अक्का एरवी मारायला कोणाला सोडत नाहीत, पण लेकीची सोंगटी समोर आली की दुसरीच सोंगटी चालवायच्या. बोलणं चाललं होतं आंब्याचं, पोरांच्या शाळेचं, गुडघ्याचं. बघता बघता अक्कांच्या तीन सोंगट्या घरात गेल्या. चौथी घराच्या दाराशी. एक हवा होता, आणि एकच पडला.

अक्कांनी हात उचलून मांडीवर ठेवला.

या खेळात आपली पाळी आली की फोटोभोवती एक हिरवं कडं फिरतं. ते पूर्ण व्हायच्या आत चाल केली नाही तर पाळी गेली. कडं फिरलं, पाळी गेली. मला वाटलं, गोंधळल्या. पुढच्या फेरीला मी ओरडले, "दाबा, अक्का! पुन्हा एक पडला की जिंकलात!" त्यांनी दाबलं नाही. मी बोट पुढे केलं तर त्यांनी माझा हात धरला, फोनवर पदर टाकला आणि हळूच म्हणाल्या, "सोंगटी घर गयी का खेळ सरना. मंग ती फोन ठी देस. लेक माहेर उनी, आनि मीच तिले घाई करू का?"

मी हात मागे घेतला. असं चुकत राहिलं तर खेळ थोड्या फेऱ्यांनी आपल्याला बाहेर काढतो, हे मीच त्यांना शिकवलं होतं. त्यांनी तेवढ्या फेऱ्या लेकीला बोलू दिलं. शेवटी पट बंद झाला, तिकडून आनंदाची किंकाळी आली. "माय, मी जितनू! ठेवस आते, माल लेवाले येतीन." अक्का म्हणाल्या, "हा माय, ठेव." मग बंद पडद्याकडे बघत मला म्हणाल्या, "दोन-चार फेऱ्या जास्ती ऱ्हायनी ना."

परतीच्या जीपमध्ये मी एकटीच होते. लेकी त्या दिवशी परत येत नाहीत.

घरी आले तेव्हा दिवेलागण झाली होती. घागर ओलसर होती, खरबुजाचा वास घरभर सुटला होता. दुसरी सांजोरी झाकणाखाली तशीच. तिकडे सकाळ असेल, तो ऑफिसच्या घाईत असेल, हे ठाऊक असूनही मी खेळ उघडला, कोड धाडला आणि खाली लिहिलं, 'मुराळी पाठवलाय. ये.'

आणि तो आला. कोपऱ्यात त्याचा फोटो, कानात त्याचा आवाज. "आई, मुराळी मुलींना असतो ना?"

"हल्ली मुलांनाही लागतो," मी म्हटलं.

"एकच डाव हं आई. मीटिंग आहे."

तो लहानपणी खेळायचा तसाच खेळला, दयामाया न करता. माझी सोंगटी मारली की तेव्हासारखाच ओरडायचा. मीही त्याची मारली. मध्येच त्याने विचारलं, घागर भरलीस का? मी सांगितलं, भरली. फासे पडत राहिले. मग तो आपणहून बोलायला लागला. बाबांना आमरसात तूप लागायचं, ते सांगितलं. मामा केळीचा घड घेऊन यायचा, त्याची आठवण काढली. त्याला ते आठवत असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. बोलण्याच्या नादात माझ्या तीन सोंगट्या घरात गेल्या, ते माझ्या लक्षातही आलं नाही. चौथी दारात उभी होती. दोन हवे होते.

दोन पडले.

"जिंकलीस की आई! हलव ना."

मी हात मांडीवर ठेवला. हिरवं कडं फिरायला लागलं.

"आई? आहेस ना? नेट गेलं का?"

मी वर बघितलं. रेंजच्या चारही काड्या जागेवर होत्या.

"हो रे," मी म्हटलं, "गेलंय वाटतं. थांब जरा."