काळ्याची शेवटची तीन घरं

“ही माही माय नाही,” सर म्हणाले आणि फोटो पाकिटात परत घालून त्यांनी माझ्या हातात दिला. “माही माय काळी होती. तू तिले लग्नातली नवरी करून टाकलं.”

मार्चमध्ये मी तो फोटो घेऊन अकोल्याला त्यांच्या घरी गेलो होतो. पातूरच्या शाळेत सरांनी मला विज्ञान शिकवलं. दहावीनंतर आमच्या घरी येऊन, खाटेवर बसून, “याले सायन्सले टाका” असं माझ्या वडिलांना सांगणारेही तेच. त्याआधी आमच्या घरात कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. प्रयोगशाळेमागच्या अंधाऱ्या खोलीत लाल दिव्याखाली फोटो धुवायलाही मी त्यांच्याकडेच शिकलो. आज अमरावतीत माझा स्टुडिओ आहे, तो त्या खोलीमुळे.

सरांचा एक डोळा काचबिंदूने गेला आहे. दुसऱ्याची नजर आकसत चालली आहे. आईचा एकच फोटो, तोही त्यांनीच तरुणपणी उसन्या कॅमेऱ्याने काढलेला: कापसाच्या शेतात उभी बाई, अंगावर गडद लुगडं, पायाखाली काळी माती. छापलेली प्रत वाळवीने खाल्ली, निगेटिव्ह तेवढी राहिली, ती त्यांनी माझ्याकडे दिली होती. डोळा आहे तोवर मायला एकदा जशी होती तशी पाहायची, एवढंच त्यांचं म्हणणं.

आणि मी तिचा चेहरा उजळवला होता. मुद्दाम नाही, हाताच्या सवयीने. स्टुडिओत येणारा प्रत्येक जण तेच मागतो. परतीच्या एसटीत मूर्तिजापूर येईपर्यंत मी ठरवून टाकलं की आता चेहऱ्याला हात लावायचा नाही. प्रिंटरलाच खरं बोलायला शिकवायचं.

इंकजेट प्रिंटर काळापांढरा फोटो छापतानाही रंगीत शाया मिसळतो. त्यामुळे राखाडी कधी हिरवट दिसतो, कधी जांभळट. मी घरच्या एका प्रिंटरमध्ये फक्त काळ्या आणि करड्या शाया भरल्या. पण कुठल्या छटेला किती शाई टाकायची, हे त्या यंत्राला ठाऊक नसतं. ते आपण सांगायचं. पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत एकवीस घरांची पट्टी छापायची, एक दिवस वाळू द्यायची, मग प्रत्येक घर किती गडद उतरलं ते मोजायचं आणि चुकलं असेल तिथे शाई कमीजास्त करायची. त्या कागदासाठी, त्या शाईसाठी हा जो हिशेब तयार होतो, त्याला प्रोफाइल म्हणतात. मोजायचं खास यंत्र माझ्याकडे नव्हतं. मी स्कॅनरवर भागवलं. माहिती सगळी इंग्रजीत. एकेक पान दोनदोनदा वाचलं.

एप्रिलमध्ये पहिली प्रोफाइल जमली. स्टुडिओ उघडण्याआधी सकाळी घरी पट्टी छापली, तर एकवीसही घरं वेगळी दिसत होती. जेवायला घरी आलो तेव्हा दुपारी सरांच्या आईचा फोटो छापला, आणि लुगडं, माती, मानेखालची सावली सगळं एकच डांबर. सोबत छापलेल्या पट्टीत काळ्याची शेवटची तीन घरं एकमेकांत मिसळून गेलेली.

मला वाटलं, मोजण्यात चूक झाली. पुन्हा पट्टी, पुन्हा प्रोफाइल. सकाळी बरोबर, दुपारी डांबर. शाई बदलली. कागदाचं नवं पाकीट फोडलं. मे लागला तरी तेच.

“त्या प्रिंटरले दिष्ट लागली,” बायको म्हणाली. “मिरच्या ओवाळू का?”

“ओवाळ. पण धूर कागदाले नको लागू देऊ.”

सरांचा फोन आठवड्याला यायचा. फोटोचं विचारत नसत. “काय करून राहिला?” एवढंच. मी सांगायचो, पट्टी मोजून राहिलो सर. ते म्हणायचे, “मोज.”

अकराव्या पट्टीच्या दिवशी दुपारी लाईट गेली. कॉम्प्युटर आणि प्रिंटर इन्व्हर्टरवर चालतात, कूलर चालत नाही. घामाने थबथबत मी फोटो छापायला लावला, केवळ हट्टाने. कागद बाहेर आला आणि लुगड्याला चुण्या होत्या. काठ वेगळा दिसत होता. पट्टीतली तिन्ही घरं आपापल्या जागी होती.

मी कूलरकडे पाहिलं. उन्हाळा लागल्यावर, पाहुण्याला देतात तशी कूलरसमोरची जागा मी प्रिंटरला दिली होती. महागडं यंत्र, तापायला नको म्हणून. कूलरच्या वाळ्याच्या ताट्यांमधून येणारी ओली हवा दुपारभर कागदाच्या गठ्ठ्यावर. ओलसर कागदावर शाई पसरत होती. सकाळी कूलर लागत नव्हता, म्हणून सकाळची पट्टी बरोबर यायची.

पुढचे चार दिवस कूलर बंद ठेवून मी सगळं पहिल्यापासून केलं. बायकोने खोलीत पाय ठेवला नाही.

अकोल्यात सरांच्या खोलीतही कूलर सुरू होता.

“सर, बंद करू का?”

“काहून? थंडी वाजून राहिली का तुले?”

पण त्यांनी करू दिला. खिडकीशी बसून त्यांनी फोटो एका डोळ्यासमोर भिंगाखाली धरला. चेहऱ्यावरून भिंग खाली सरकलं, लुगड्यावर थांबलं.

“ओटी भरलेली हाये,” ते म्हणाले. कापूस वेचताना बाया कमरेला बांधतात त्या ओटीबद्दल. “म्हणजे दुपार झाली असन. मले वाटे सकाळी काढला.”

मग भिंग बाजूला घेऊन त्यांनी विचारलं, “प्रयोगाची वही ठेवली?”

मी वही काढली आणि त्यांनी बोट ठेवलं त्या नोंदी वाचून दाखवल्या. अकराव्या पट्टीसमोर लिहिलं होतं: लाईट नाही, कूलर बंद.

“आधीच्या दहा पट्ट्यांसमोर हवेचं काय लिवलं?”

“काहीच नाही, सर.”

“खोलीतली हवा पयले लिवायची, मंग प्रयोग. नववीत सांगतलं होतं तुले.”

“हो सर.”

“आता गप बस,” ते म्हणाले आणि भिंग पुन्हा चेहऱ्यावर नेलं. “मले पाहू दे.”