जोखीम

माझा मुलगा सुधीर जेवताना पुस्तक वाचतो. धंदा कसा करावा, पैशाने पैसा कसा वाढवावा, असली ती पुस्तकं. काल त्याने आम्हाला मोठ्याने वाचून दाखवलं, "जोखीम घेतल्याशिवाय कुणी मोठा होत नाही." मग म्हणाला, सोमवारी राजीनामा देतो आणि दागिने मोडून दुकान टाकतो. सुनेचा हात गळ्यातल्या पोतीकडे गेला आणि तिथेच राहिला.

आमच्या लहानपणी अंगावरच्या सोन्यालाच जोखीम म्हणत. प्रवासात आई कानाशी सांगायची, "जोखीम आहे, झोपू नकोस." आम्ही जी पदराखाली धरून बसायचो, ती आता पुस्तकवाला घ्यायला सांगतो. कुणाकडून घ्यायची, ते मात्र लिहीत नाही. लिहिणाऱ्याचं काय जातं?

"आई, गप्प का? तू तरी सांग की हिला," सुधीर म्हणाला.

"घे की जोखीम," मी म्हटलं. "पण ती हिच्या गळ्यात आहे. हिला विचारलंस का?"

त्याने पुस्तकाचं पान उलटलं.

सून ताट उचलत म्हणाली, "विचारा ना. मी नाहीच म्हणणार आहे, पण विचारा."