उंबरठ्याबाहेरचे विरजण

वर्ध्याच्या बसस्थानकामागच्या नालीवर इस्त्रीचा पांढरा सदरा घातलेला एक माणूस वाकून बाटली बुडवतो आहे, हे दृश्य सत्तरच्या दशकात तिथल्या दुकानदारांच्या सवयीचे झाले होते. नवखा माणूस मात्र थांबे. "काई पडलं काय साहेब? आंगठी?" असे विचारी. काही जण तर बाह्या वर करून मदतीला उतरत. प्रा. वसंत इखार बाटलीला बूच लावत, ती उजेडात धरत आणि म्हणत, "पडलं नाई भाऊ, सापडलं."

मी तेव्हा जिल्ह्याच्या बातम्या पाठवत असे. नालीबद्दल तक्रार असेल अशा समजुतीने मी त्यांना गाठले. तक्रार नव्हती. ते कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवत आणि नालीच्या पाण्यात जंतूंना मारणारे विषाणू शोधत. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला काचेची एक बशी दाखवली. तिच्यात वाढवलेल्या जंतूंचा पातळ थर होता आणि त्या थराला सायीला सुईने पाडावीत तशी स्वच्छ भोके पडली होती. एकेका भोकात विषाणूने जंतूंचा फडशा पाडला होता. "जंतूलेबी आजार होते," सर म्हणाले, "हे ऐकून माणसाले किती बरं वाटते, पाहा."

विषाणूंच्या दोन जाती ते वर्गात अशा सांगत. पहिला दरोडेखोर: घरात शिरतो, लुटतो, भिंत फोडून निघून जातो. दुसरा घरजावई: जंतूच्या गुणसूत्रात जाऊन बसतो, पिढ्यान् पिढ्या मुकाट राहतो आणि घरावर संकट आले की सामानसुमान घेऊन बाहेर पडतो. यावर वर्ग हटकून हसे, कारण तळेगावच्या शेतकरी घरातले इखार सर लग्नानंतर सेलूला सासऱ्यांच्याच घरी राहत होते आणि तिथून बसने वर्ध्याला येत. हसू ओसरले की सर पुढे सांगत, "काही घरजावई घराला उपयोगी पडेल असा गुणही घेऊन येतात. जंतूंच्या जगात गुण बापाकडूनच यावा लागत नाही. शेजारीही देतो, भिंतीवरून वाटीभर विरजण द्यावं तसा."

गोबरगॅसच्या खड्ड्यातले वायू तयार करणारे जीव इतर जंतूंच्या कुळातले नाहीत आणि झाडा-प्राण्यांच्याही नाहीत, त्यांचे कूळच तिसरे आहे, असे संशोधन परदेशातून प्रसिद्ध झाले, तेव्हा ते नियतकालिक वर्ध्याला पोचायला बराच काळ लागला. पोचले त्या रविवारी सर सेलूतल्या प्रत्येक गोबरगॅसवाल्याकडे जाऊन आले. एका शेतकऱ्याने सगळे शांतपणे ऐकून घेतले. "तिसरं असो का चवथं, सर, भात शिजून राह्यला ना!" सर त्यावरही खूश झाले. या तिसऱ्या कुळाचेही विषाणू असणारच, असे ते त्या काळात पैजेवर सांगत. "जिथं घर, तिथं घरफोड्या. आज ना उद्या सापडन." पुढे काही वर्षांनी ते सापडले. तोवर समोरून पैज लावणारे कोणी उरले नव्हते.

त्यांचे सासरे गुलाबराव यांचे सेलूच्या बाजारात दह्याचे दुकान होते. लग्नाच्या पंगतीत मठ्ठा गुलाबरावांच्या दह्याचा, हा गावचा रिवाज होता. ते विरजण गुलाबरावांच्या आईच्या हातचे आणि त्यांनी ते कधी कोणाला दिले नव्हते. दिवे लागल्यावर विरजण देऊ नये, हा नियम सगळीच घरे पाळत. गुलाबरावांच्या घरी दिवसाही दिवे लागलेले असत, असे शेजारणी म्हणत.

ऐन लग्नसराईत ते दही लागेनासे झाले. पहिल्या दिवशी पातळ लागले, म्हणून गुलाबरावांनी दुसऱ्या दिवशी तेच विरजण दुप्पट घातले. तिसऱ्या दिवशी मडक्यांत नुसते दूध राहिले. आठवड्याच्या शेवटी पाटलांकडचे लग्न होते. नजर उतरवून झाली, गवळी बदलून झाला. मग गुलाबरावांची दृष्टी खिडकीत जावयाने ठेवलेल्या बाटल्यांवर गेली.

"जवाईबापू, तुमी नालीचं पानी घरात आनता. मंग दही कसं जमन?"

"मामाजी, नालीतला विषाणू दह्याच्या जंतूले हात लावत नाई. त्याचं खाणं ठरलेलं असते."

"माह्या आईचं इरजण मेलं. तुमच्या बाटल्या घरात राहतीन, नाई तर मी राहीन."

बाटल्यांबरोबर कोण जाणार, हे सांगायची गरज नव्हती. सरांच्या पत्नी कुसुमताई स्वयंपाकघरात भांडी उगाच आपटू लागल्या.

आपण नक्की निर्दोष आहोत, असे सरांनी म्हटले नाही. "तपासून पाहू," म्हणाले. कॉलेजातून त्यांनी चिनी मातीची बारीक गाळणी आणली. तिच्यात जंतू अडकतात, विषाणू पार होतात. शेजारच्या घरचे विरजण घालून त्यांनी तीन वाट्या दूध लावले. एकीत गाळलेले नालीचे पाणी घातले, दुसरीत बिघडलेल्या मडक्यातले दूध गाळून निघालेले पाणी आणि तिसरीत तेच मडक्यातले पाणी उकळून. सकाळी तिन्ही वाट्यांत घट्ट दही होते.

"झालं?" गुलाबराव म्हणाले. "मडकं निर्दोष, नाली निर्दोष. मंग मीच खाल्लं काय?"

सर डोके खाजवत बसले. मग म्हणाले, "हे इरजण शेजारचं हाय. विषाणू लय निवडक, त्याले तुमच्याच घरचे जंतू पाहिजे. पण तुमच्या सगळ्या मडक्यांत तो पसरला. तुमचं इरजण एक चमचाभर जरी बाहेर कोठी असतं—"

"माह्या घरचं इरजण उंबरठ्याबाहेर गेलं नाई!" गुलाबराव छाती काढून म्हणाले.

"गेलं," गिरजाबाई म्हणाल्या. या गुलाबरावांच्या पत्नी; नवऱ्यासमोर त्या सहसा बोलत नसत. त्या तांदूळ निवडत होत्या, तांदूळच निवडत राहिल्या. "शांताच्या लग्नात. पाठवणीच्या टोपल्यात मीच ठेवलं. पोरीनं सासरी काय परक्याचं दही खावं?"

थोरली मुलगी शांता हिंगणघाटकडच्या अल्लीपूरला दिली होती. गुलाबरावांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. मग म्हणाले, "जवाईबापू, हिंगणघाटची गाडी कितीक वाजता हाय?"

सर अल्लीपूरहून विरजणाचा चिनी मातीचा सट मांडीवर धरून परत आले. त्या विरजणाच्या पुन्हा तीन वाट्या लावल्या. सकाळी सगळे घर ओट्याभोवती उभे होते. मडक्यातल्या पाण्याची वाटी दूधच राहिली होती. तेच पाणी उकळून घातलेल्या वाटीत दही होते. नालीच्या वाटीतही दही होते आणि ते सगळ्यांत घट्ट होते.

"चोर मडक्यातला होता," सर म्हणाले. "तो कोठून आला, ते मले सांगता येत नाई. पण नालीतून नाई."

गुलाबराव नालीच्या वाटीकडे पाहत होते. त्यांनी ती तिरकी केली. दही हलले नाही.

"नालीचं पानी टाकलं तरी जमलं," ते हळूच म्हणाले. "पाहा, माह्या आईचं इरजण किती खानदानी हाय!"

जुनी मडकी फोडली, दुकानाच्या भिंतींना चुना दिला, भांडी उकळली आणि शांताकडचे विरजण लावले. पाटलांच्या पंगतीत मठ्ठा गुलाबरावांचाच होता. खिडकीतल्या बाटल्या जागेवर राहिल्या. आल्यागेल्याला गुलाबराव त्या स्वतः दाखवत. सर मात्र त्या प्रसंगातून एकच गोष्ट काढत आणि वर्गात दरवर्षी सांगत, "जे एकाच घरात असतं, ते एका आजारात संपतं. वाटलेलं परत मागता येतं."

ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात हृदयविकाराने सर गेले. शेवटच्या दिवशीही बॅगेत एक बाटली निघाली. तिच्यात काय सापडायचे होते, ते कळायला मार्ग नव्हता.

त्यांच्या मुलीचे लग्न पुढच्या उन्हाळ्यात सेलूलाच झाले. पाठवणीला सांज झाली होती, ओसरीवरचा दिवा लागला होता. थकलेले गुलाबराव काठी टेकत गाडीपर्यंत आले आणि त्यांनी फडके बांधलेला सट नातीच्या मांडीवर ठेवला.

"आबाजी, दिवे लागले ना," ती रडता रडता म्हणाली.

"लागू दे. तुह्या बापाचं सांगणं हाय. तिकडं गेली का आधी अर्धं शेजारनीले देजो. अन् दिवे लागल्यावर कोनी मागाले आलं, तरी नाई म्हनू नोको."