आठवडाभर हात लावू नका!

किस्से मुद्दाम गोळा करावे लागत नाहीत. उघड्या राहिलेल्या रंगाच्या डब्यावर साय धरते ना, तसे ते आपोआप धरत जातात. आमच्या बालाघाटच्या दुकानात तर दर चार दिवसांनी एक! दुकान म्हणजे काय, घराच्याच पुढच्या दोन खोल्या. मी आणि माझी नणंद सुषमा तिथे फर्निचर रंगवतो. तेही कोणतं? मोबाइलवर ऑर्डर केलं की खोक्यातून फळ्या आणि स्क्रू येतात, घरी जोडायचं, ते. जोडून झालं की माणसाच्या लक्षात येतं, फोटोत रंग वेगळाच होता! मग आमची आठवण होते.

हे काम काढलं सुषमाने. घटस्फोट होऊन माहेरी आली, महिनाभर गप्प बसली आणि एक दिवस ब्रश हातात घेतला. आता तिला स्थळं येतात. तिची अट एकच, लग्नानंतरही रंगकाम सुरू राहील. आणि माझ्या सासूबाईंची चिंताही एकच, या अटीपायी पोरगी घरातच राहील! "रंगारीण सून कोण करते वो बाप्पा?" हे त्यांचं रोजचं पालुपद.

आमचा शिरस्ता ठरलेला आहे. चकचकीत फळी आधी रेगमालाने, म्हणजे सँडपेपरने, घासून खरबरीत करायची, मग प्रायमर, मग इनॅमल रंगाचे पातळ पातळ हात. आणि मग आठवडाभर कोणी हात लावायचा नाही! रंग वरून सुकलेला दिसतो, आतून कच्चा असतो. एवढं साधं वाक्य, पण गिऱ्हाइकाला पटवता पटवता आमच्या नाकी नऊ येतात.

*

परसवाड्याच्या एक मॅडम बुकशेल्फ रंगवायला घेऊन आल्या, पण शेडकार्डाकडे बघायलाच तयार नव्हत्या. पर्स उघडली आणि आतून वांगं काढलं!

"मले बस हा कलर पाह्यजे. याच्यात उन्नीस-बीस नाई चालणार."

सुषमाने अख्खी दुपार डबे मिसळून हुबेहूब तो रंग काढला. बुकशेल्फ असं झळकलं की मी स्वतः दृष्ट काढली. दहा-बारा दिवसांनी मॅडम न्यायला आल्या. सोबत वांगं. तेच! फ्रिजबाहेर राहून सुकलेलं, चॉकलेटी पडलेलं. शेल्फला टेकवून त्या म्हणाल्या, "मॅच नाई होऊन राह्यला."

सुषमाने वांगं हातात घेतलं, उलटसुलट पाहिलं आणि म्हणाली, "मॅडम, रंग टिकला. वांगं नाई टिकलं."

*

शेजारच्या गल्लीतल्या एका काकांना रेगमालाचंच वावडं.

"नवी कोरी वस्तू काहून घासता वो? नव्या सुनेले कोणी घासते काय?"

त्यांनी आमच्याकडून नुसता रंग नेला आणि नव्या कपाटाच्या गुळगुळीत दारावर तसाच मारला. वर टेपने कॅलेंडर चिकटवलं. महिना बदलला, काकांनी टेप ओढली. टेपबरोबर रंगही आला, दाराएवढा, अख्खा! काकांनी त्याची नीट घडी केली आणि आमच्या टेबलावर आणून ठेवली.

"माल एक नंबर आहे तुमचा. कुठं तडा नाई का काई नाई. फक्त अलमारीवर राह्यत नाई!"

*

लांजीच्या एका भाऊंनी व्हिडिओ बघून स्वतःच कपाट रंगवलं. दारं लावून घेतली आणि वरून रंग मारला. फटींमध्येसुद्धा, चांगला दाबून दाबून! सकाळी सुषमाला फोन.

"ताई, अलमारी खुलून नाई राह्यली."

"घाई नका करू भाऊ. ब्लेडनं हळूहळू फट मोकळी करा. दुपारपर्यंत होऊन जाते."

"दुपारपर्यंत कसं थांबू? भावाची वरात निघून राह्यली, अन् माही पँट अंदर!"

"मग दुसरी पँट घाला अन् जा."

पलीकडून कपाटाचं दार ओढल्याचा आवाज आला.

"ताई, साऱ्याच अंदर आहेत!"

*

सासूबाईंची परीक्षा वेगळीच. दुकानातून जाता-येता तयार मालावर काचेची बांगडी ओढायच्या आणि म्हणायच्या, "टिकणार नाई." शू-रॅक असो की स्टडी टेबल, निकाल तोच. एकदा जरा जोरात ओढली. रंगाला काही झालं नाही, बांगडी मात्र वाढली! त्या दिवशी जेवून उठल्या आणि हात धुताना एवढंच म्हणाल्या, "रंगात दगड कुटून टाकते काय वो हे पोरगी?"

सुषमा दोन दिवस गुणगुणत होती. आईच्या तोंडून तिला मिळालेलं ते पहिलं सर्टिफिकेट.

*

आणि मग लालबर्र्याचं स्थळ आलं. मुलगा आणि त्याची आई. मुलाचंही हे दुसरं लग्न, माणूस सरळ, फोटो पाहून सुषमा पहिल्यांदा जरा लाजली होती. म्हणून मलाच जास्त धाकधूक.

सासूबाईंनी सकाळीच बजावलं, "पाहुण्यांपुढं रंगाचं नाव काढसाल तर याद राखा!"

घरातल्या टीपॉयची रया गेलेली. सासूबाईंना तो पाहुण्यांपुढे नको होता. त्यांनी कोणाला न विचारता दुकानातल्या मागच्या खोलीतून एक सुंदर टीपॉय उचलून आणला. वांगी रंगाचा. मॅडमच्या उरलेल्या रंगात सुषमाने आदल्याच दिवशी रंगवलेला!

आम्ही दोघी पोहे घेऊन बाहेर आलो, तोवर त्यावर चहाची गरम किटली ठेवून झाली होती. सुषमाने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. पण बोलणार कसं? रंगाचं नाव काढायचं नव्हतं ना!

गप्पा बऱ्याच रंगल्या. मग मुलाच्या आईचं लक्ष सुषमाच्या नखांकडे गेलं. तिथे प्रायमर होता.

"हे रंगाचं काम लग्नानंतर भी चालूच राह्यते काय?"

"हौ," सुषमा म्हणाली.

झालं! मुलगा पोहे खायचा थांबला. मला वाटलं, गेलं हेही स्थळ. विषय बदलायला सासूबाई चटकन उठल्या, "चहा घ्या, चहा," म्हणत त्यांनी किटली उचलली, आणि किटलीबरोबर टीपॉयही उठला! दोन पाय जमिनीवर, दोन अधांतरी!

सासूबाईंनी किटलीकडे पाहिलं. मग लेकीकडे. सुषमाचे डोळे भरून आले होते. मग सासूबाई ताठ झाल्या, किटली आणखी वीतभर वर उचलली आणि म्हणाल्या, "पाहून घ्या! अशी आहे आमची पोरगी. एकदा धरलं का सोडत नाई. काम असो का माणूस!"

मुलगा फस्सकन हसला. त्याच्या आईने त्याच्याकडे पाहिलं, सुषमाकडे पाहिलं, मग वाकून त्या लटकत्या टीपॉयकडे बराच वेळ पाहिलं.

"आमच्या घरी भी एक अलमारी आली आहे," त्या म्हणाल्या. "खोक्यातच पडली आहे अजून."

"तिले आता कोणी हात नका लावू जी," सुषमा डोळे पुसत म्हणाली. "मी आली का पाह्यते."