मशीन बांधून धरलेला उपास

अमळनेरकडच्या लग्नांत मांडे करायचे म्हटले की बोलावणं वच्छलाबाईंनाच. तापल्या खापरावर हातभर मांडा न फाटता टाकावा तो त्यांनीच. पण वर्षभरापासून पोटभर जेवून जरा आडव्या झाल्या की छातीत आग पडायची, घशाशी आंबट यायचं आणि मागोमाग काळीज धडधडायला लागायचं. मध्येच एखादा ठोका चुकायचाही. बाई पार हादरून गेली होती. नवरा असाच छातीला हात लावून गेलेला, आणि सगळे ‘पित्त शे’ म्हणत त्याला सोडा पाजत बसले होते.

मुलगा हितेंद्र त्यांना धुळ्याला डॉक्टरांकडे घेऊन गेला. ईसीजीची पट्टी चांगली निघाली. तरी डॉक्टरांनी छातीला तारा चिकटवून कमरेला छोटं मशीन बांधलं. “उद्यापर्यंत राहू द्या. रोजच्यासारखं खा, प्या, कामं करा. धडधडलं तर हे बटण दाबा.”

रोजच्यासारखं वागतील तर त्या वच्छलाबाई कसल्या! सोयरे यायचे म्हटलं की घर लख्ख करणारी बाई. मशीनपुढेही काळीज नीट वागलं पाहिजे, असं त्यांनी ठरवलं. सरळ उपास धरला आणि घोटभर पाण्यावर दिवस काढला. काळीज एकदाही बिथरलं नाही.

रिपोर्ट साफ आला. सून पुनमने गल्लीत पेढे वाटले. संध्याकाळी जेवण झालं आणि पुन्हा तेच सुरू झालं. खरं सांगावं तर मुलगा रागावणार, न सांगावं तर नवऱ्याच्याच वाटेनं जाणार. अखेर भीतीनंच त्यांचं तोंड उघडलं.

“त्या दिन मी काहीच खादं नही रे.”

“हाई काय करं तू, माय!” हितेंद्रने कपाळावर हात मारला.

दुसऱ्या दिवशी धुळ्याला हे ऐकून डॉक्टर मात्र रागावले नाहीत. “म्हणजे जेवल्यावरच होतं का, अक्का?” अन्ननलिका हृदयाच्या मागून, त्याला खेटूनच जाते; पोटातलं आम्ल तिच्यात वर आलं की कधीकधी हृदयाची लयही बिघडते, असं त्यांनी समजावलं. “पण नुसतं पित्त म्हणून सोडायचं नाही. ठोके बघायलाच हवेत. मशीन पुन्हा लावू, या वेळी जेवा.”

मशीन बांधून घरी आल्यावर पुनमने ताट वाढलं. पुरणाचा मांडा, वर तूप, बाजूला कटाची तिखट रशी. जन्मभर लोकांच्या पंगती जेवू घातलेली ही बाई ताटातल्या घासाला भीत होती. तरी खायला लागल्या. पोट भरत आलं तशी आग वर चढली, एक ठोका चुकला, पुढचे धावत सुटले. अंगाला घाम फुटला. त्यांनी बटण दाबलं.

“दखाई ऱ्हायनं का रे त्याले?” मशीनला हे दिसतंय ना, असं त्यांनी हितेंद्रला विचारलं, आणि पुढचा घास उचलला.