आधी सांगितलं असतं तर

विचुंबे गावची जमीन विकून आलेले पैसे वडिलांनी पनवेलच्या एका बँकेत ठेवले होते. बँकेवर निर्बंध आले आणि पैसे अडकले. मग कळलं की त्याआधी कित्येक महिने देशाची मध्यवर्ती बँकच तिला कर्ज देऊन तगवत होती. हे कर्ज कधीपासून चालू होतं, असं मी माहिती अधिकारात विचारलं. माहिती देता येत नाही, असं उत्तर आलं. मी अपील केलं. मुंबईच्या सुनावणीला वडील हट्टाने माझ्याबरोबर आले.

"आधी सांगितलं असतं तर लोक घाबरून पैसे काढायला धावले असते," सुनावणी घेणारे अधिकारी समजुतीच्या सुरात म्हणाले.

"मंग आमी लोक नाय का?" वडिलांनी विचारलं.

अपील फेटाळलं गेलं. मी पुढचं अपील लिहायला बसले, तेव्हा वडिलांनी मला थांबवलं.

"नको पोरी. त्यांना सगलं ठाव होतं, तरी त्यांनी आमाला तिथंच बसू दिलं. आता कागद मिलून काय करू?"

मग मीही लिहिलं नाही. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन राहूनच गेलं आहे. ती जिना बसत बसत उतरते आणि वडील तिकडे बघत नाहीत.