उंदीरमामांनी घरी नेलेली साल

औषधी वनस्पती तपासणाऱ्या प्रयोगशाळेत पांढरे उंदीर सांभाळणाऱ्या माणसाला सगळे उंदीरमामा म्हणत. बावीस वर्षं पिंजरे धुऊन त्यांचे हात खरखरीत झाले होते. उंदराच्या नुसत्या चालीवरून ते त्याचं दुखणं ओळखत. साहेबलोकांसमोर मात्र तोंडातून शब्द फुटत नसे.

एका वैदूने हिवतापावरची झाडाची साल आणून दिली होती. प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी तिचा काढा हिवताप झालेल्या उंदरांना पाजायला लावला. चौथ्या दिवशी रक्तात एकही जंतू दिसेना.

"मामा, तुमची भाचरं वाचली!" मॅडम हसल्या.

मामांची धाकटी बहीण त्यांच्याकडेच राहायची. हिवताप तिला सारखा गाठायचा, दवाखान्याच्या गोळ्या पोटात ठरत नसत. सालीच्या सुरक्षिततेची चाचणी व्हायची होती, हे मामांना पक्कं ठाऊक होतं. तरी जीव राहवेना. उरलेल्या सालीतली थोडी त्यांनी जेवणाच्या डब्यातून घरी नेली.

ताप पळाला. बहीण म्हणाली, "दादा, जन्मभर उंदरांचे लाड केलेस. माझा नंबर लागला एकदाचा!" पुन्हा ताप नको म्हणून काढा चालूच राहिला.

पुढे सुरक्षिततेच्या चाचणीसाठी निरोगी उंदरांना रोज काढा सुरू झाला. तिसऱ्या आठवड्यात मामांनी पिंजऱ्यातलं खाणं तोललं, तर निम्मं तसंच पडलेलं. घरी बहिणीनेही ताट सरकवलं. "भूकच मेलीय रे." मामांनी तिला खिडकीपाशी नेलं. डोळे पिवळे धमक.

काढा त्यांनी मोरीत ओतला. मॅडमना सांगायचा मात्र धीर झाला नाही.

आठवड्याने उंदीर कापले. "लिव्हरची पार वाट लागलीय," मॅडम म्हणाल्या. "ही साल बाद."

"काढा थांबवला तर सुधारतं का हो?"

"काय सांगणार? शेवटच्या दिवशी सगळ्यांना मारूनच तपासतो ना आपण. थांबवून कुठे पाहिलंय?" मग त्या चमकल्या. "का हो, मामा?"

मामांनी टेबलाची कड घट्ट धरली. "बहिणीला पाजला."

"किती दिवस?"

"चाळीस. आज सकाळपासून ती मला ओळखत नाहीये."

मॅडमनी ताबडतोब इस्पितळात फोन लावला. पलीकडून डॉक्टरांनी औषधाचं नाव विचारलं, त्यावर उतारा विचारला. नाव अजून ठेवलेलंच नव्हतं. काढ्याच्या बाटलीवर नुसता आकडा होता. मॅडमनी तो वाचून दाखवला. मग म्हणाल्या, "उतारा आम्ही कधी शोधलाच नाही."